समिंदर बघायचाय, ताई!

मैत्रिणींनो, आपल्याकडच्या बाईला सहल माहीत नसते, यात्रा माहीत असते. पंढरपूर, तुळजापूर, माहूर, जमलंच तर अष्टविनायक. देवाचं नाव घेतलं की सासूबाई काही बोलत नाहीत आणि नवराही पिशवी उचलून स्टँडपर्यंत सोडायला येतो. पण ‘नुसतं बघायला’ जायचं म्हटलं की घरात सगळ्यांचे चेहरे बदलतात. बघायला काय जायचं? टीव्हीवर दिसतंय की!

म्हणून आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीने हा विषय काढला तेव्हा आधी सगळ्या हसल्याच. तिची मुलगी बारावीला आहे. पुस्तकात वाचून ती आईला म्हणाली होती, की वाघांसाठी जसं नॅशनल पार्क असतं तसं समुद्रातल्या प्राण्यांसाठीही असतं. आईने ते बैठकीत सांगितलं. हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, आणि आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशी एकदम म्हणाल्या, “ताई, मला समिंदर बघायचाय. मरायच्या आधी येकदा.”

मावशींचं वय पासष्टच्या पुढे. तरुणपणी वीसेक वर्षं कोयता घेऊन ऊसतोडीला गेल्या. मी म्हटलं, मावशी, तुम्ही तर कोल्हापूर-सांगलीकडे किती वेळा जाऊन आलात. तर म्हणाल्या, “गेले की. पर कोल्हापूर म्या फडातून पाह्यलंय. अंबाबाईचा कळस बी न्हाई दिसला.”

त्यानंतर हसण्यासारखं काही राहिलं नाही. त्याच दिवशी ठरलं, दर महिन्याला हप्त्याशिवाय शंभर रुपये वेगळे टाकायचे. वीस महिने झाले, बावीस जणी आहोत, चव्वेचाळीस हजार रुपये जमलेत. कर्जाला हात लावायचा नाही, गटाच्या मूळ बचतीलाही नाही, हा पहिला नियम. बरं का, पैसे जमवणं त्यातल्या त्यात सोपं होतं. खरं काम त्याच्यापुढे होतं, म्हणजे जायचं कुठे, कधी आणि कसं. त्याच्या खटपटीतून मला जे कळलं ते तुमच्याही गटाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आधी ‘नॅशनल पार्क’चं बघू. आपल्या महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईचं संजय गांधी उद्यान. यातलं एकही समुद्रातलं नाही. देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान गुजरातेत जामनगरजवळ कच्छच्या आखातात आहे, १९८२ सालचं. तिथे नरारा नावाच्या जागी ओहोटीच्या वेळी म्हणे गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन प्रवाळ बघता येतात. मनात भरलं होतं, पण परभणीहून जामनगर म्हणजे फारच लांबचा पल्ला, शिवाय भाषाही वेगळी. मावशींना मराठीत बोलणारा समुद्र हवा.

तो मालवणला आहे. मालवणचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला तीन चौरस किलोमीटरहून थोडा जास्त भाग गाभ्याचा. शिवरायांचा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्या गाभ्यातच येतात. म्हणजे किल्ल्यावर जायला आपण होडीत बसलो की अभयारण्यातच असतो. पाटी नाही, कमान नाही, जिप्सी नाही. खाली प्रवाळ, समुद्री शेवाळ, शिंपले, मासे. नशीब असेल तर लांबवर डॉल्फिनची पाठ.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत फरक काय, असं बैठकीत विचारलं गेलं. कायद्याने राष्ट्रीय उद्यानात माणसाचे जुने हक्क जवळपास संपतात. अभयारण्यात काही हक्क ठेवता येतात. आणि इथेच मालवणची गोष्ट आपल्यासारख्या शेतकरी घरातल्या बायकांना पटकन कळते. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी कडाडून विरोध केला, आणि तो पुढे कितीतरी वर्षं चालला. मासेमारीच बंद झाली तर खायचं काय? तिथे रापण म्हणून एक जुनी पद्धत आहे. मोठं जाळं होडीतून समुद्रात सोडायचं आणि किनाऱ्यावरून सगळ्या गावाने मिळून ओढायचं. जे येईल त्याचे वाटे करायचे. आपल्याकडच्या सावडीसारखंच म्हणा ना. अशा माणसाला उद्या कुणी सांगितलं, हे पाणी आता राखीव, तर तो भांडणारच. आपल्या चार एकरांवर कुणी अशी पाटी लावली तर आपण गप्प बसू का?

पण समुद्र राखायलाही हवाच. यांत्रिक बोटी, पर्ससीनची जाळी, एलईडी दिव्यांची मासेमारी यांनी मासा कमी होतोय असं पारंपरिक मच्छीमारच सांगतात. मला आवडलं ते मधल्या वाटेचं काम. सिंधुदुर्गात चौकोनी आसाच्या जाळ्या दिल्या गेल्या, म्हणजे बारकी पिल्लं त्यातून निसटून जातात आणि मोठी होऊन पुढच्या वर्षी सापडतात. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्य सरकारची अशीही योजना आहे, की जाळ्यात कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडून दिलं, तर फाटलेल्या जाळ्याची पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. हे ऐकून एक वहिनी म्हणाल्या, “आमच्या तुरीत रानडुकरं घुसतात, त्याचं बी असंच लवकर द्या म्हणावं.” बरोबरच आहे!

आता ‘कधी’. हा प्रश्न बायकांच्या सहलीत सगळ्यात अवघड. पावसाळ्यात जाऊन उपयोग नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, समुद्र खवळलेला. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी. मग तूर. फेब्रुवारीत हरभरा, त्याच्यामागे ज्वारीची काढणी. मे महिन्यात लग्नं आणि माहेरवाशिणी. बारा महिन्यांत बाईला मोकळे असे सात दिवस सापडत नाहीत, हे कागदावर मांडल्यावर आमचं आम्हालाच नवल वाटलं. शेवटी सापडले ते रथसप्तमीनंतरचे. संक्रांतीची हळदीकुंकवं तोवर संपलेली असतात (आमच्या गटात विधवांनाही वाण देतो, त्याबद्दल पुन्हा कधीतरी), तूर घरात आलेली असते आणि हरभरा अजून उभा असतो. समुद्राच्या बाजूनेही हे दिवस चांगले. थंडीत पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं.

आणि इथे एक गंमत सांगते. भरती-ओहोटीचं गणित कोकणातले लोक तिथीवरून करतात. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वेळेला साधारण भरती. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला साधारण साडेअकरा-बारा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. एक भरती झाली की सहाएक तासांनी ओहोटी, आणखी तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येला पाणी जोरात चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, त्याला भांग म्हणतात.

हे मी बैठकीत सांगितलं आणि इतका वेळ जांभया देणाऱ्या बायका एकदम सावरून बसल्या. चंद्र, तिथी, एकादशी, संकष्टी हे तर त्यांचं रोजचं. कॅलेंडर न बघता आज कोणती तिथी ते सांगतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या मावशींनी बोटं मोजून सांगितलं, “येकादशीला मंग सव्वाआठला पाणी चढंल.” मी कागदावर गुणाकार करून पाहिला. सव्वाआठच! (हा अंदाज असतो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. होडीवाल्याला विचारल्याशिवाय पाण्याजवळ जायचं नाही, हा आमचा दुसरा नियम.)

मग बेत असा बसला. सप्तमी घरी. अष्टमीला निघायचं. नवमीला कोल्हापूर, अंबाबाईचं दर्शन आणि मुक्काम. दशमीला घाट उतरून मालवण. एकादशीला किल्ला. द्वादशीला नऊच्या भरतीला वेंगुर्ला. मग परत. अंबाबाई मध्ये घातली ती मावशींसाठी, आणि खरं सांगायचं तर घरच्या परवानगीसाठीसुद्धा. ‘कोल्हापूरला दर्शनाला आणि पुढे जरा कोकणात’ असं म्हटल्यावर निम्म्या घरांतून लगेच होकार आला.

जायचं कसं, यावर दोन बैठका गेल्या. मुंबईवरून जायचं तर देवगिरी किंवा नंदीग्रामने दादर, आणि तिथून रात्री कोकण रेल्वेची तुतारी. पण दिवसभर बावीस जणींना सामानासकट दादरला कुठे बसवू? त्यापेक्षा नागपूर–कोल्हापूर गाडी परभणीवरूनच जाते. रोज नसते, म्हणून वार बघून तारीख एखाद्या दिवसाने मागेपुढे करावी लागते. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. एका अर्जावर सहाच नावं बसतात, म्हणजे आमचे चार अर्ज. पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांना खालचा बर्थ द्यायचा कोटा असतो, म्हणून वय खरं लिहा, लाजू नका! ज्येष्ठांची सवलत मात्र रेल्वेने मार्च २०२० मध्ये बंद केली, ती परत दिलेली नाही.

कोल्हापूरच्या पुढे लाल परी. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आमचा हिशेब एकदम हलका झाला. एका ट्रॅव्हल्सवाल्याने मिनीबसचा जो आकडा सांगितला होता तो ऐकून मी फोनच ठेवला होता. गगनबावडा किंवा फोंडा, कोणत्याही घाटाने गेलं तरी वळणं आहेत. आपल्याकडचा रस्ता सरळसोट, सवय नाही. लिंबू, आवळासुपारी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या प्रत्येकीजवळ हव्यात. पुढच्या सीट ज्यांना लागतं त्यांच्या.

राहायला मालवण-तारकर्लीकडे घरगुती सोय पुष्कळ ठिकाणी होते. न्याहारी निवास म्हणतात. मी चार घरांना फोन केले, चारही ठिकाणी फोनवर बाईच होती. एक खोली किती हे शेवटी विचारलं. आधी विचारलं ते संडास किती, पाणी गरम मिळेल का, रात्री फाटकाला कुलूप असतं का, आणि आमच्यात आठ जणी माळकरी आहेत तर भांडी वेगळी ठेवाल का. एकीने लगेच सांगितलं, “काळजी नको वहिनी, काळ्या वाटाण्याची आमटी, घावणे, सोलकढी, उकडा भात. मासे दुसऱ्या चुलीवर.” तिथेच ठरवून टाकलं. तरी पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असणारच. ज्वारीच्या भाकरीशिवाय आमच्या बायका तिसऱ्या दिवशी कासावीस होतील, याची मला खात्री आहे.

किल्ल्याबद्दल काय सांगू? १६६४ च्या नोव्हेंबरमध्ये महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातला आणि तीन वर्षांत समुद्राच्या मधोमध अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला उभा राहिला. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर तिथे आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडी विहीर! टँकरची वाट बघत दिवस काढलेल्या आमच्या बायकांना तटबंदीपेक्षा या विहिरींचंच जास्त कौतुक वाटणार. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्गही आहे.

पण खरं सांगते, माझं स्वतःचं मन अडकलंय ते वेंगुर्ल्यात. तिथे मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ नावाचा महिला बचत गट कांदळवनाची सफर घडवतो. २०१७ पासून. मच्छीमार घरांतल्या बायका, स्वतः होडी वल्हवतात आणि कांदळवनाची झाडं ओळखायला शिकवतात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात उभं राहणारं झाडांचं रान. काहींची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात, काहींच्या बिया झाडावर असतानाच रुजतात. माशांची, कोळंबीची, खेकड्यांची पिल्लं त्या मुळांच्या आडोशाला वाढतात, आणि वादळ-लाटांचा मारही हे रान अंगावर घेतं. कुणी सरपणाला तोडेल, कुणी भराव टाकेल, अशी ही झाडं. त्याच झाडांवर त्या बायकांनी, एकही न तोडता, उत्पन्न उभं केलं.

आमचा गट काय करतो? पापड, शेवया, मसाला, आणि शिलाई. सगळे गट हेच करतात, त्यामुळे विकत कोण घेणार? मला वाटतं, बावीस जणींनी ती होडी वल्हवणारी बाई एकदा डोळ्यांनी बघावी. तिला विचारावं, पहिल्या दिवशी गावाने तुला काय म्हटलं? पर्यटनात उतरणाऱ्या बायकांसाठी राज्याचं ‘आई’ धोरण २०२३ मध्ये आलं, त्यात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळायची सोय आहे. आपल्याकडे समुद्र नाही, हे खरं. गंगाखेडला जनाबाई आहे, गोदाकाठ आहे, हुरड्याचा हंगाम आहे. असो, आधी जाऊन तर येऊ.

गोदावरीवरून आठवलं. मावशींनी विचारलं, “आपली गंगा मालवणच्याच समिंदराला मिळती का?” नाही. ती उगवते त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून आपल्या दारावरून पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी कोरिंगा नावाचं कांदळवनाचं अभयारण्यच आहे. मावशी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजी दोन समिंदर झाले. दुसऱ्याचे पैसे कधीपासून टाकायचे?”

आता भीतीचं. पाण्याची भीती सगळ्यांनाच आहे, आणि असलेली बरी. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. त्यामुळे लाइफ जॅकेट अंगावर आणि त्याचे बंद घट्ट बांधल्याशिवाय होडी सुटू द्यायची नाही. होडीत जास्त माणसं भरली तर आपण उतरायचं, भिडेखातर बसायचं नाही. हवामान खात्याचा इशारा असेल तर किल्ला लांबूनच बघायचा. नऊवारी-सहावारीवर जॅकेट नीट बसत नाही, म्हणून होडीच्या दोन दिवसांपुरता पंजाबी ड्रेस, असा ठराव झाला. यावर जेवढी चर्चा झाली तेवढी आमच्या गटात कर्जमाफीवरही झालेली नाही! दोन सासवांनी ‘आमच्या घरात चालत नाही’ म्हणून सांगितलं. त्या दोघीही सहलीला येणार आहेत, आणि एकीने आता गुपचूप माप दिलंय.

दोघी तरुण सुनांना स्कुबा करायचंय. पोहता आलं पाहिजे असं नाही, शिकवणारा माणूस बरोबर उतरतो. पण दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, वाढलेला रक्तदाब असेल किंवा दिवस गेलेले असतील तर नाही म्हणजे नाही. दोघींना आधी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन यायला सांगितलंय. पाण्याखाली प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, तुकडा मोडून आणायचा नाही. ते दगडासारखं दिसतं, पण तो जीव आहे, आणि २००१ पासून वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण त्याला आहे. बाजारात कुणी विकायला आणलं तरी घ्यायचं नाही.

औषधांच्या पिशव्या, चिठ्ठीवर नाव आणि घरचा नंबर, मावशींचं आधार कार्ड, पाळीचं सामान जास्तीचं, एक दोरी कपडे वाळवायला, हे सगळं वहीत लिहून झालंय. घरी राहणाऱ्यांसाठीही एक यादी केली. कुणाच्या म्हशीचं दूध कोण काढणार, कुणाच्या मुलाचा डबा कोण देणार. गटातल्या ज्या येणार नाहीत त्यांनी वाटून घेतलंय.

बावीसपैकी वीस जणींची नावं पक्की झाली आहेत. दोघींच्या घरून अजून ‘बघू’ एवढंच उत्तर येतंय. एकीच्या नवऱ्याशी मी बोलून आले, दुसरीच्या घरी मावशी स्वतः जाणार आहेत, ‘मी बघते त्याच्याकडं’ म्हणाल्या. आरक्षण उघडायला अजून अकरा दिवस आहेत. चौथ्या अर्जावर त्या दोघींची नावं मी पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.